पॉलिसी देणारी कंपनी भक्कम आहे का? कागद वाचायची रीत

पतसंस्थेत ठेव ठेवायची झाली तर नाशिकचा माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. चेअरमन कोण, थकबाकी किती, ठेव मुदतीला वेळेवर परत मिळते का. तोच माणूस पंचवीस वर्षांच्या विम्याचा हप्ता बांधून घेताना मात्र एजंटाने फोनवर दाखवलेलं पत्रक बघतो आणि सही करतो. खरं तर चौकशीची गरज इथे जास्त आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव परत देतं. विमा कंपनीच्या पॉलिसीधारकांसाठी भारतात तसा निधीच नाही. एलआयसीच्या पॉलिसींना १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३७ मुळे केंद्र सरकारची हमी आहे. बाकीच्यांचा आधार म्हणजे कंपनीचं स्वतःचं भांडवल, तिने केलेल्या तरतुदी आणि विमा कंपन्यांची नियामक संस्था आयआरडीएआय हिची देखरेख. या तिन्ही गोष्टी कागदावर दिसतात आणि ते कागद कुणालाही फुकट मिळतात.

गाडीचा एक वर्षाचा विमा असेल तर खालचं सॉल्व्हन्सीचं, म्हणजे देणी फेडण्याच्या ताकदीचं, वाचून थांबलात तरी चालेल, पुढच्या वर्षी कंपनी बदलता येते. आयुर्विमा, आरोग्य विमा किंवा सातपूर-अंबडमधल्या कारखान्याचा मोठा आगीचा विमा असेल तर सगळं वाचा. एका कंपनीला दीड-दोन तास लागतात.

कागद कुठे आणि कोणते

कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी 'पब्लिक डिस्क्लोजर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे दर तिमाहीचे तक्ते असतात. सर्वसाधारण (गाडी, आग वगैरेचा विमा करणाऱ्या) आणि आरोग्य विमा कंपन्यांच्या तक्त्यांची नावं 'एनएल'ने सुरू होतात, आयुर्विमा कंपन्यांची 'एल'ने. सगळे चाळीस-पन्नास तक्ते वाचायची गरज नाही. सर्वसाधारण कंपनीचे महसुली खातं, ताळेबंद, एनएल-२० (गुणोत्तरं), एनएल-२६ (सॉल्व्हन्सी), एनएल-३८ (दाव्यांच्या अंदाजाची वाटचाल) आणि एनएल-४५ (तक्रारी) एवढे काढा. आयुर्विम्यासाठी एल-२२, एल-३२, एल-४० आणि एल-४१. क्रमांक अधूनमधून बदलतात, म्हणून तक्त्याच्या शीर्षकाकडे बघून खात्री करा. यांच्या जोडीला शेवटचा वार्षिक अहवाल हवा, कारण लेखापरीक्षकांचा शेरा आणि संचालक मंडळाची माहिती त्यातच तपशिलाने येते.

पहिली चूक इथेच होते. बहुतेक तक्ते 'रुपये लाखांत' असतात आणि वार्षिक अहवालातले काही आकडे कोटींत. लाखांतल्या आकड्याला १०० ने भागलं की कोटी. दुसरी चूक रकान्यांची. एक रकाना फक्त तिमाहीचा असतो, शेजारचा वर्षाच्या सुरुवातीपासूनचा. आरोग्य विम्यात पावसाळ्यातल्या डेंग्यू-तापामुळे जुलै ते सप्टेंबरची तिमाही जड जाते, पीक विम्यात खरिपाचा हप्ता त्याच सुमाराला जमा होतो. एकट्या तिमाहीवरून मत बनवू नका. निदान आठ तिमाह्यांचे आकडे एका वहीत ओळीने मांडा. दोन वर्षांची दिशा दिसली की एकेका आकड्याचं भय किंवा आकर्षण आपोआप कमी होतं.

सॉल्व्हन्सी: १.५० ही रेघ, पण तिथे थांबू नका

विमा कायदा १९३८ च्या कलम ६४व्हीए प्रमाणे प्रत्येक कंपनीला देणी वजा जाता ठरावीक जादा मालमत्ता हाताशी ठेवावी लागते. हाताशी असलेली रक्कम भागिले असायला हवी ती रक्कम म्हणजे सॉल्व्हन्सी गुणोत्तर. आयआरडीएआयची रेघ १.५० वर आहे. सर्वसाधारण कंपनीसाठी 'असायला हवी' ती रक्कम ढोबळमानाने अशी निघते: हप्त्याच्या २० टक्के किंवा दाव्यांच्या ३० टक्के, यातली जी मोठी ती.

आता एक आकडेमोड जवळून बघू. समजा एनएल-२६ मध्ये उपलब्ध मार्जिन १,८६,००० लाख आहे आणि आवश्यक मार्जिन १,०९,४०० लाख. गुणोत्तर १.७०. छान दिसतं. मग ताळेबंदातलं कर्जाचं परिशिष्ट उघडा. समजा तिथे ३०,००० लाखांचे दुय्यम कर्जरोखे आहेत, म्हणजे बाकीची देणी भागल्यावरच ज्यांचे पैसे परत मिळतात असे. असे रोखे एका मर्यादेपर्यंत भांडवल म्हणून धरायला परवानगी असते. ते बाजूला काढले तर उरतात १,५६,००० लाख आणि गुणोत्तर येतं १.४३. म्हणजे कंपनी रेघेच्या वर आहे ती उसन्या पैशावर. हे बेकायदा नाही. पण त्या रोख्यांची मुदत कधी संपते ते बघा, कारण तेव्हा कंपनीला नवं कर्ज तरी काढावं लागेल, नाहीतर मालकाला खिशात हात घालावा लागेल.

दुसरा हिशेब वाढीचा. याच कंपनीचा हप्ता पुढच्या वर्षी २५ टक्क्यांनी वाढला आणि भांडवल तेवढंच राहिलं, तर आवश्यक मार्जिन १,३६,७५० लाख होतं आणि गुणोत्तर १.३६ वर येतं. एकही दावा बिघडलेला नाही, तरी रेघ ओलांडून खाली! जोरात वाढणारी कंपनी भक्कम असते हा समज म्हणूनच काढून टाका. वाढ भांडवल खाते. 'आमचा व्यवसाय ४० टक्क्यांनी वाढला' अशी जाहिरात दिसली की सोबत नवं भांडवल किती आलं ते विचारायचं.

रेघेखाली गेलेली कंपनी लगेच दावे थांबवते असंही नाही. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या तीन सरकारी कंपन्यांत केंद्र सरकारने २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत १७,४५० कोटी रुपये घातले, तरी मार्च २०२४ अखेर तिघींची सॉल्व्हन्सी १.५० च्या खालीच होती. दावे मिळत राहिले, कारण मालक सरकार आहे. खासगी कंपनी त्याच आकड्यावर असती तर आमचा सल्ला वेगळा असता. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. आकडा आणि मालक एकत्र बघावे लागतात.

धंदा पिकतोय की व्याजावर चाललाय

एनएल-२० मध्ये 'कम्बाइंड रेशो' शोधा. दाव्यांचं प्रमाण, खर्चाचं प्रमाण आणि कमिशनचं प्रमाण यांची ती बेरीज. समजा दावे ७८ टक्के आणि खर्च-कमिशन मिळून ३३ टक्के, तर बेरीज १११. शंभर रुपयांच्या हप्त्यावर कंपनी १११ रुपये घालवते आणि वरचे ११ गुंतवणुकीच्या उत्पन्नातून भरते. भारतात सर्वसाधारण विमा कंपन्यांचा हा आकडा शंभराच्या वर असणं नवीन नाही. १०५ च्या आसपास वर्षानुवर्षं स्थिर असलेली कंपनी आम्हाला चालते. १०४ वरून ११५ वर चढत गेलेली चालत नाही.

त्यातही फोड बघा. दावे वाढल्यामुळे चढला असेल तर पुढच्या नूतनीकरणाला हप्ता वाढणार हे धरून चाला. खर्चामुळे चढला असेल तर कंपनी धंदा विकत घेतेय. खर्चाला मर्यादा आहे: सर्वसाधारण कंपनीला एकूण हप्त्याच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीला ३५ टक्के. उलट दाव्यांचं प्रमाण फार कमी, ५५-६० टक्के असेल, तर भागधारक खूश असतील, पण आरोग्य पॉलिसी घेणाऱ्याने एनएल-४५ मधल्या दाव्यांविषयीच्या तक्रारी मोजाव्यात.

तुलना करताना एक खड्डा टाळा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अनेक वर्षांच्या पॉलिसीचा हप्ता दरवर्षी समान भागांत दाखवायचा नियम आला. त्यामुळे त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या तिमाहीतली हप्त्याची वाढ थेट ताडून बघता येत नाही. त्या काळात वाढ एकदम मंदावलेली दिसली तर ग्राहक पळाले असं समजू नका.

तरतुदी: खरा रोग इथे लपतो

विमा कंपनीच्या ताळेबंदातला सर्वांत मोठा आकडा अंदाजाचा असतो. अपघात झालेला आहे पण दावा अजून आलेला नाही, दावा आलाय पण किती रुपयांवर मिटेल ठाऊक नाही. या सगळ्यासाठी कंपनी आज रक्कम बाजूला काढते आणि ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याच्या देण्यांचा गणिती अंदाज काढणारा तज्ज्ञ, तिला प्रमाणपत्र देतो. रक्कम कमी काढली की त्या वर्षीचा नफा फुगतो, सॉल्व्हन्सीही फुगते. म्हणजे वरचे दोन्ही आकडे या एका अंदाजावर उभे आहेत. मोटार थर्ड पार्टीचे (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचे) दावे लवादात वर्षानुवर्षं चालतात, तिथे हा खेळ सर्वांत सोपा.

अंदाज किती प्रामाणिक होता हे एनएल-३८ सांगतो. तक्त्यात प्रत्येक अपघात-वर्षाचा मूळ अंदाज असतो आणि खाली एक वर्षानंतर, दोन वर्षांनंतर, असे सुधारलेले अंदाज. समजा एका वर्षाचा मूळ अंदाज १,००० कोटी होता, पुढच्या वर्षी १,०६०, त्याच्या पुढच्या वर्षी १,१३०. म्हणजे सुरुवातीला १३ टक्के कमी धरलं होतं. सगळ्यात खालच्या ओळीत हा फरक टक्क्यांत दिलेला असतो. कंसातला आकडा म्हणजे अंदाज कमी पडला. एखाद्या वर्षी कंस आला तर पूर, साथ, न्यायालयाचा निकाल अशी कारणं असू शकतात. सलग चार-पाच वर्षांना कंस असेल तर ती कंपनीची सवय आहे.

ऑस्ट्रेलियातला एचआयएच हा विमा समूह मार्च २००१ मध्ये कोसळला, तो याच कारणाने. तोटा ५.३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. वर्षानुवर्षं तरतुदी तोकड्या धरल्या होत्या आणि संचालक मंडळाने वरच्या व्यवस्थापनाला कधी अडवून विचारलं नाही, हे पुढे चौकशी आयोगापुढे आलं.

लेखापरीक्षकांच्या अहवालात एक वाक्य हमखास सापडेल: न आलेल्या दाव्यांच्या तरतुदीसाठी आम्ही ॲक्च्युअरीच्या प्रमाणपत्रावर विसंबलो आहोत. हे वाचून घाबरू नका, ते सगळ्याच कंपन्यांच्या अहवालात असतं. त्यानंतर 'लक्ष वेधतो' अशा अर्थाचा वेगळा परिच्छेद असेल तर मात्र तो दोनदा वाचा. भांडवलाची कमतरता, कराचा मोठा वाद, नियामकाची नोटीस अशा गोष्टी तिथेच येतात.

गुंतवणुकीचं थोडक्यात. आयुर्विमा कंपनीला निम्मी गुंतवणूक सरकारी व तत्सम मान्य रोख्यांत ठेवावी लागते, त्यात किमान २५ टक्के केंद्र सरकारचे रोखे. सर्वसाधारण कंपनीसाठी हेच आकडे ३० आणि २० टक्के. उरलेल्या भागात काय आहे ते बघायचं. आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीच्या रोख्यांचं सर्वोच्च 'ट्रिपल ए' मानांकन २०१८ मध्ये काही आठवड्यांतच 'डी'पर्यंत, म्हणजे पैसे थकल्याच्या शेऱ्यापर्यंत, घसरलं, आणि अनेक विमा कंपन्यांकडे ते रोखे होते. म्हणून मानांकनाच्या टक्केवारीपेक्षा मानांकन घसरलेल्या गुंतवणुकीचा आणि अनुत्पादक मालमत्तेचा तक्ता जास्त बोलतो. रक्कम छोटी असली तरी तेच नाव चार तिमाह्यांत पुन्हा पुन्हा येतंय का बघा.

संचालक मंडळात कोण बसलंय

नियमाप्रमाणे मंडळावर स्वतंत्र संचालक हवेत आणि लेखापरीक्षण, गुंतवणूक, जोखीम, मानधन-नेमणूक व पॉलिसीधारक संरक्षण अशा समित्या हव्यात. कागदावर त्या सगळीकडे असतात. बघायचं ते असं. जोखीम समितीच्या बैठकांना स्वतंत्र संचालक हजर होते का, याचा तक्ता वार्षिक अहवालात असतो. ॲक्च्युअरी, वित्तप्रमुख आणि जोखीमप्रमुख या तीन खुर्च्यांवरची माणसं किती वेळा बदलली, हे तिमाही तक्त्यांतल्या संचालक-अधिकाऱ्यांच्या यादीत कळतं. दोन वर्षांत ॲक्च्युअरी दोनदा बदलला आणि त्याच काळात एनएल-३८ मध्ये कंस वाढले, तर आम्ही त्या कंपनीची लांब मुदतीची पॉलिसी कुणाला सुचवणार नाही.

आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार वाचा. मूळ कंपनीला ब्रँड वापरण्याचं शुल्क, समूहातल्या बँकेला कमिशन, समूहातल्याच कंपनीच्या इमारतीचं भाडं. एकेक रक्कम किरकोळ वाटते. बेरीज करून करपूर्व नफ्याशी ताडा.

मूळ कंपनी आणि समूह

भारतात आयआरडीएआय प्रत्येक विमा कंपनीकडे सुटं बघते. पण अडचणीत नवं भांडवल येतं ते मूळ कंपनीकडून, आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मालकाचा एकत्रित ताळेबंद उघडा. तीन प्रश्न पुरेत. मालकावर स्वतःचं कर्ज किती? विमा कंपनीचे शेअर गहाण आहेत का? विमा कंपनीत घातलेलं भांडवल मालकाने कर्ज काढून आणलेलं आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर तोच पैसा दोन ठिकाणी बळ म्हणून मोजला जातोय. उपकंपनीत ते भांडवल आहे, समूहाच्या पातळीवर ते देणं आहे.

समूहात विमा नसलेला धंदा किती मोठा आहे हेही बघा. २००८ मध्ये अमेरिकेतला एआयजी समूह बुडायला आला तो घरं-गाड्यांच्या दाव्यांमुळे नव्हे. फायनान्शियल प्रॉडक्ट्स नावाच्या उपकंपनीने कर्ज बुडण्याविरुद्धची हमी देणारे क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप विकले होते, आणि आयुर्विमा उपकंपन्यांचे रोखे उधार देण्याचा कारभारही अंगाशी आला. १६ सप्टेंबर २००८ ला फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं तेव्हा समूह तगला.

आपल्याकडचं उदाहरण उलट बाजूने शिकवतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रिलायन्स कॅपिटलचं संचालक मंडळ बरखास्त केलं, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये इंडसइंड इंटरनॅशनल होल्डिंग्जच्या हाती आली. मधली सगळी वर्षं तिच्या विमा कंपन्यांचं कामकाज चालू राहिलं, कारण पॉलिसीधारकांचा निधी मालकाच्या कर्जापासून वेगळा असतो. मालक पडला म्हणून पॉलिसी बुडत नाही. पण अशा काळात मालकाकडून नवं भांडवल येत नाही, म्हणून तेव्हा सॉल्व्हन्सी दर तिमाहीला बघत राहायची.

भागीदार युरोपातला असेल तर त्याचा समूह अहवालही मिळतो. एचडीएफसी एर्गोत निम्म्याहून अधिक हिस्सा एचडीएफसी बँकेचा आहे, तर भागीदार एर्गो हा जर्मनीच्या म्युनिक री समूहातला. युरोपीय संघात जानेवारी २०१६ पासून 'सॉल्व्हन्सी टू' लागू आहे आणि तिथल्या समूहांचा अहवाल ठरलेल्या पाच भागांत येतो: व्यवसाय, कारभार, जोखीम, मूल्यांकन, भांडवल. घाईत असाल तर चौथा भाग सोडा, दुसरा आणि पाचवा वाचा. मात्र तिथल्या २०० टक्क्यांची आपल्या १.५० शी तुलना करू नका. तिथे आवश्यक भांडवल दोनशे वर्षांतून एकदा येईल असा धक्का सोसण्याच्या हिशेबाने काढतात, आपल्याकडे हप्ता-दाव्यांच्या ठरावीक टक्क्यांनी. दोन्ही मापं निराळी आहेत.

आयुर्विम्यात आणखी एक आकडा

एल-२२ मध्ये 'पर्सिस्टन्सी' असते, म्हणजे विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी पुढचे हप्ते भरले. १३ व्या आणि ६१ व्या महिन्याचे आकडे घ्या. तेराव्या महिन्यालाच चौथा हिस्सा लोक सोडून गेले असतील तर पॉलिसी गळ्यात मारून विकल्या जातायत. बँकेच्या काउंटरवर कर्जाबरोबर दिलेल्या पॉलिसींत हे जास्त दिसतं. दावा निकाली प्रमाण संख्येने आणि रकमेने असं दोन्ही बघा. संख्येने ९९ टक्के आणि रकमेने ९४ असेल तर मोठ्या रकमेचे दावे जास्त अडतायत.

वाचून झाल्यावर

आयुर्विमा पॉलिसी भीतीपोटी सरेंडर करू नका. कंपनी फारच बिघडली तर कलम ५२ए खाली आयआरडीएआय प्रशासक नेमू शकते. सहारा लाइफवर २०१७ मध्ये तसा नेमला होता आणि २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी एसबीआय लाइफकडे देण्याचा आदेश निघाला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. अशा वेळी पॉलिसीची कागदपत्रं, हप्त्याच्या पावत्या आणि वारसनोंद हाताशी ठेवा आणि हप्ता चुकवू नका, कारण बंद पडलेल्या पॉलिसीला हस्तांतराचाही उपयोग नसतो.

आगीचा विमा मोठा असेल तर पुनर्विम्याच्या (विमा कंपनीने स्वतःचा धोका दुसऱ्या कंपनीकडे उतरवण्याच्या) तक्त्यात कोणत्या मानांकनाच्या कंपन्यांकडे किती धोका दिलाय ते बघा. ४० कोटींच्या शेडमधला फार थोडा भाग विमा कंपनी स्वतःकडे ठेवते, बाकी पैसा पुनर्विमा कंपनीकडून यायचा असतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना एक वेगळं सांगायचं आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात जिल्ह्यासाठी कंपनी सरकारच्या निविदेतून ठरते, निवड तुमच्या हातात नसते. तिथे या वाचनाचा उपयोग कंपनी निवडायला नाही, भरपाई रखडली की कंपनीच्या दाव्यांचे आकडे पुढे ठेवून कृषी विभागाला विचारायला आहे.

आरोग्य विमा बदलता येतो. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी नव्या कंपनीकडे पोर्टेबिलिटीचा, म्हणजे पॉलिसी तिच्याकडे वळवण्याचा, अर्ज द्या, जुन्या पॉलिसीत भरलेला प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीत धरला जातो. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचं लेखी होकारपत्र येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. होकार आला नाही आणि मुदत जवळ आली तर जुनीच भरून टाका. दावा अडला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. एका महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिक पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे घेतली जाते. कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे, म्हणून ते उत्तर आलं त्या दिवशीच त्याच्यावर तारीख लिहून ठेवा.